भिंतीलाही कान असतात, पण किती वर्षं?

माझ्या आत्याचं घर उड्डाणपुलाला खेटून आहे. खेटून म्हणजे अक्षरशः खेटून. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खिडकीतून पुलावरच्या गाड्या दिसत नाहीत, दिसते ती पुलाच्या कडेने उभी केलेली, बारीक भोकाभोकांची एक हिरवी भिंत. अशी भिंत तुम्हीही पाहिली असेल. बसने जाताना खिडकीबाहेरचा देखावा मध्येच गायब होतो, ‘हे काय आलं मध्ये?’ असं वाटेपर्यंत भिंत संपते आणि पुन्हा इमारती दिसायला लागतात. तीच ती नॉइज बॅरिअर, आपल्या भाषेत ध्वनिरोधक भिंत.

आत्याचं म्हणणं असं की भिंत लागली तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं खरंच बरं गेलं. दुपारी डोळा लागायचा, टीव्हीचा आवाज दोन घरं खाली आला होता. मग हळूहळू सगळं पहिल्यासारखं झालं. तिने हे घरात सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. अगं, भिंत तर तिथंच आहे, ती कुठं गेली? आता तुझंच वय झालं असेल! पण आत्या हट्टी. तिने रीतसर तक्रार दिली. कोणीतरी येऊन खालून मान वर करून भिंत बघून गेलं आणि उत्तर आलं, भिंत सुस्थितीत आहे.

या मे महिन्यात पुरवणीसाठी विषय शोधताना मला आत्याची तक्रार आठवली. म्हटलं, बघू या तरी. उभी असलेली भिंत काम करायची थांबते का?

उत्तर आहे, हो. आणि ते बाहेरून दिसत नाही, हीच तर गंमत आहे.

अडवणं वेगळं, पिणं वेगळं

आधी एक घोळ मिटवू. ध्वनिरोधक भिंत दोन कामं करते. पहिलं काम अडवण्याचं. आवाज भिंतीतून आरपार जाऊ नये यासाठी ती जड आणि फटी नसलेली असावी लागते, बस्स. पलीकडे पोचायचं तर आवाजाला भिंतीच्या माथ्यावरून वळून जावं लागतं आणि त्यात त्याचा जोर कमी होतो. चांगल्या भिंतीमुळे मागच्या घरांना साधारण 5 ते 10 डेसिबलचा फरक पडतो. 10 डेसिबल म्हणजे आपल्या कानाला आवाज जवळपास निम्मा झाल्यासारखं वाटतं.

दुसरं काम पिण्याचं, म्हणजे आवाज शोषून घेण्याचं. ती भोकं त्यासाठीच असतात. भोकांच्या पत्र्यामागे रॉकवूल किंवा ग्लासवूलचा, म्हणजे दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंच्या लोकरीचा जाड थर भरलेला असतो. आवाज म्हणजे हवेची थरथर. ही थरथर भोकांतून आत शिरते, त्या बारीक तंतूंमधून ये-जा करताना हवा घासली जाते आणि आवाजाच्या ऊर्जेची अगदी किंचित उष्णता होते. आवाज तिथेच संपतो, परत फिरत नाही.

पण परत फिरला तर बिघडतं कुठं? कॅरम आठवा. स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत येतो, पुन्हा या कडेवर आपटतो. आता पुलाच्या दोन्ही बाजूंना भिंती आहेत असं समजा (आत्याच्या पुलावर आहेतच). भिंती नुसत्याच कडक असतील तर गाडीचा आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर असा आपटत राहतो आणि शेवटी माथ्यावरून बाहेर सांडतो. म्हणजे जी भिंत आवाज अडवायला उभी केली, तिच्याचमुळे तो वर चढून तुमच्या खिडकीत येतो. अमेरिकेच्या फेडरल हायवे प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत यासाठी एक सोपा आडाखा दिलेला आहे. समोरासमोरच्या दोन कडक भिंतींमधलं अंतर त्यांच्या उंचीच्या दहापटीपेक्षा कमी असेल, तर भिंतीच्या कामगिरीत 3 डेसिबल किंवा त्याहून जास्त घट येऊ शकते. आपले चार लेनचे उड्डाणपूल बघा. 3 मीटर उंच भिंती धरल्या तर मध्ये 30 मीटर अंतर हवं. एवढा रुंद पूल आपल्याकडे किती ठिकाणी आहे?

म्हणून आपल्याकडच्या अरुंद पुलांवर भिंतीचं आवाज पिणं हा ‘असलं तर बरं’ असा प्रकार नाही, ती गरज आहे. आणि ऊन-वारा-पावसात पहिला बळी जातो तो नेमका याच कामाचा.

ओला मास्क आठवतोय?

कोविडच्या काळात भर पावसात मास्क लावून बाहेर पडला असाल तर हे तुम्हाला लगेच कळेल. कोरड्या मास्कमधून श्वास आरामात जायचा. तोच मास्क भिजला की नाकाला चिकटायचा आणि जीव गुदमरायचा. कापड तेच, पण त्यातल्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये पाणी शिरलं की हवेला वाट उरत नाही.

ध्वनिरोधक भिंतीचं अगदी हेच होतं. तिला श्वास घेता आला पाहिजे. हवा आत-बाहेर करू शकली तरच आवाज आत मरतो. लोकर भिजली, पोकळ्या पाण्याने भरल्या की आवाजाच्या दृष्टीने ती लोकर राहत नाही, भिंतच होते. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत 2 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे लक्षात घ्या.

भिजलेली लोकर वाळली की तिची शोषण्याची ताकद बऱ्याच अंशी परत येते. म्हणजे एक पावसाळा म्हणजे कायमचं नुकसान नाही. पण असे पावसाळे एकामागोमाग एक येत राहतात. नव्या लोकरीवर पाणी झटकून टाकणारी प्रक्रिया केलेली असते, ती वर्षागणिक उतरते. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमटपणात कमजोर होतो. त्यात खालून दिवसरात्र ट्रक जातायत, पूल थरथरतोय. पाण्याने जड झालेली लोकर मग हळूहळू खाली बसते. जुन्या गादीतला कापूस कसा एका टोकाला गोळा होतो, तसं. डबा जिथल्या तिथे, पण त्याचा वरचा भाग रिकामा.

मी ठोकून पाहिलं

पुलावर चालत जायला बंदी असते, ते करू नका. पण पुलाचा चढ जिथे सुरू होतो तिथे भिंतीचे पहिले काही पॅनल सर्व्हिस रोडवरून हाताला येतात. एका रविवारी सकाळी मी तिथे गेले आणि बोटाच्या पेराने पॅनल ठोकून पाहिलं. खालच्या भागात आवाज आला ‘थप’. वरच्या भागात ‘टण’. मोबाइलचा टॉर्च लावून वरच्या भोकांतून डोकावलं तर आत काही नाही, मागचा पत्रा चकाकतोय. बाजूच्या रसवंतीवाल्याला वाटलं, माझं काहीतरी हरवलंय.

ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, हे मलाही कळतं. आणि चढावरचे दोन पॅनल म्हणजे अख्खी भिंत नव्हे. पण खालून मान वर करून जे कुणालाच दिसलं नसतं, ते पाच मिनिटांत दिसलं.

भोकांची अवस्था तर आणखी वेगळी. काहींत काळी काजळी आणि धूळ गच्च बसलेली. ही रस्त्याची धूळ नुसती माती नसते. टायरची झीज, डिझेलचा धूर, ब्रेकची भुकटी असं सगळं त्यात असतं आणि ती तेलकट असते, त्यामुळे पावसाने सहज धुतली जात नाही. पाऊस वरची धूळ नेतो, उरलेली चिखल होऊन आत सरकते. तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रं बुजलेली. म्हणजे पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. तिथंच गंज धरलेला. आपली हवा खारी, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे जस्ताचा मुलामा गेला की भोकं कडेने आवळत जातात.

आणि सगळ्यात कहर म्हणजे रंग. त्या हिरव्या रंगाचे निदान दोन थर मला नखाने मोजता आले. काही भोकं रंगानेच बंद झालेली. भिंत जुनाट दिसते म्हणून कुणीतरी ती छान रंगवली. सुशोभीकरण झालं आणि भिंतीचे कान बंद झाले! सच्छिद्र काँक्रीट किंवा लाकडाच्या तुसांचं काँक्रीट वापरून केलेल्या भिंतींना तर हा धोका आणखी मोठा. त्यांच्या पृष्ठभागावरच्या पोकळ्या हेच त्यांचं हत्यार. त्यावर जाड रंगाचं सुंदर म्युरल काढलं की सेल्फी छान येतात, आवाज मात्र परत फिरतो. (तुमच्या कॉलेजचा ग्रुप भिंती रंगवायला निघाला असेल तर आधी ती भिंत कसली आहे हे एकदा बघा, प्लीज.)

आता म्हणाल, मग पारदर्शक भिंती बऱ्या. ॲक्रिलिकच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या. त्या उन्हाने कालांतराने पिवळट पडतात, ओरखड्यांनी धुरकट होतात, पण आवाज शोषण्याच्या बाबतीत त्यांचं काहीच बिघडत नाही. कारण त्या मुळात आवाज शोषतच नाहीत! त्या फक्त अडवतात. जे कधी नव्हतंच ते गमावणार काय?

निम्मं गेलं म्हणजे किती गेलं?

इथे थोडं गणित आहे, पण पळू नका. नवी भिंत तिच्यावर पडलेल्या आवाजाच्या ऊर्जेपैकी 90 टक्के शोषते असं धरू. म्हणजे 10 टक्के परत फिरते. काही वर्षांनी तीच भिंत 50 टक्केच शोषू लागली. ऐकायला वाटतं, चला, निम्मी तरी शिल्लक आहे. पण परत फिरणारा आवाज 10 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला, म्हणजे थेट पाचपट. डेसिबलमध्ये तो फरक 7 चा.

आता पुन्हा कॅरमवर या. भिंत नवी असताना दोन वेळा आपटल्यावर आवाजाचा शंभरावा हिस्सा उरायचा. आता दोन वेळा आपटून चौथा हिस्सा उरतो. आणि भिंत 10 टक्केच शोषत असेल तर दोन आपटींनंतरही 81 टक्के आवाज शाबूत.

याचा अर्थ आत्याच्या खिडकीत 7 डेसिबल वाढले असा नाही, हे मुद्दाम सांगते. तिच्यापर्यंत जो आवाज येतो त्यातला काही थेट माथ्यावरून वळून येतो आणि काही आपटून येतो. वाढतो तो फक्त दुसरा हिस्सा. एकूण फरक दोन-तीन डेसिबलचाही असू शकेल. साधारण 3 डेसिबलचा बदल माणसाच्या कानाला जेमतेम जाणवतो. पण जेमतेम जाणवतो, म्हणजे जाणवतो. शिवाय भोकं बुजली की आधी परत फिरायला लागतात ते वरच्या पट्टीतले आवाज. हॉर्नची धार, टायरची सळसळ, ब्रेकची किंचाळी. ट्रकची घरघर तर नव्या भिंतीनेही फारशी प्यायली नव्हती. 1000 हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण 34 सेंटिमीटर लांबीची असते, तिला 8-10 सेंटिमीटरचा थर पुरतो. 100 हर्ट्झची लहर असते जवळजवळ साडेतीन मीटरची. ती एवढ्याशा थराला काय दाद देणार?

म्हणजे आत्या कदाचित बरोबर होती. ‘कदाचित’ हा शब्द मला काढून टाकायचा होता, पण काढता येत नाही. कारण या काळात पुलावरच्या गाड्याही वाढल्या. वाढलेल्या आवाजातला वाटा भिंतीचा किती आणि गाड्यांचा किती, हे सांगायचं तर भिंत लागली तेव्हाचं मोजमाप हवं. ते आमच्याकडे नाही.

दहावीची मार्कशीट किती वर्षं दाखवायची?

भिंत बसवताना तिच्याबरोबर एक प्रमाणपत्र येतं. प्रयोगशाळेतल्या घुमणाऱ्या खोलीत नवं कोरं, कोरडं, स्वच्छ पॅनल ठेवून ते किती आवाज शोषतं हे मोजलेलं असतं. चाचणी खरी असते. पण ती पहिल्या दिवसाची असते. तिशीतल्या माणसाने नोकरीसाठी दहावीची मार्कशीट दाखवावी, तसं आहे हे. मार्क खरे आहेत हो, पण सध्या काय करता?

युरोपात यावर विचार झालाय. तिथल्या मानकांमध्ये रस्त्यावर उभ्या असलेल्या भिंतीचीच चाचणी घ्यायची पद्धत आहे. समोर लाउडस्पीकर ठेवायचा, नऊ मायक्रोफोनची एक चौकट उभी करायची आणि परत फिरणारा आवाज जागेवर मोजायचा. भिंतीची ताकद वर्षांनुसार किती उतरेल याचा अंदाज उत्पादकाने द्यावा, असंही वेगळं मानक आहे.

उपायही काही आकाशातून आणायचे नाहीत. लोकर पातळ फिल्मच्या पिशवीत बंद करता येते, जेणेकरून पाणी आत जात नाही पण आवाज जातो (वरच्या पट्टीतलं शोषण थोडं कमी होतं, ते चालवून घ्यायचं). लोकर खाली बसू नये म्हणून डब्यात मध्ये आडवे आधार देता येतात. तळाची छिद्रं पावसाळ्याआधी मोकळी करता येतात. नालेसफाईच्या यादीत ती एक ओळ वाढवा, एवढंच. आणि रंग लावायचाच तर भोकं बुजणार नाहीत असा पातळ फवारा मारता येतो.

हा प्रश्न फक्त माणसांचाही नाही. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर आवाज आणि हेडलाइटचा उजेड प्राण्यांपर्यंत पोचू नये म्हणून उंच भिंती उभ्या केल्या आहेत. आत्या निदान तक्रार तरी करू शकते.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या घराजवळ, कॉलेजजवळ अशी भिंत असेल तर आजच एक आकडा लिहून ठेवा. मोबाइलवरची डेसिबल मोजणारी ॲप्स अचूक नसतात, त्यांच्या भरवशावर कोणाशी भांडू नका. पण तोच फोन, तीच खिडकी, तोच वार, तीच वेळ, सलग 15 मिनिटांची सरासरी, एवढं पाळलं तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना नक्की करता येते. मोजायचं कोरड्या दिवशी. ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज आपोआप वाढतो, त्याचं खापर भिंतीवर फोडू नका. निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे; हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रासाठी ती 50 आणि 40.

दुसरं, माहितीचा अधिकार. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. ‘भिंत चांगली आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर आत्याला मिळालंच आहे. विचारा: पॅनलमध्ये आत काय भरलंय? बसवल्याची तारीख कोणती? शोषणक्षमतेच्या चाचणीच्या अहवालाची प्रत मिळेल का? बसवल्यानंतर जागेवर कधी मोजमाप केलं का? शेवटची साफसफाई कधी झाली आणि रंग कोणता वापरला?

आणि इंजिनीअरिंगवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्ट काय घ्यायचा म्हणून डोकं धरून बसता ना? एक नळी, एका टोकाला स्पीकर, दोन मायक्रोफोन. यात रॉकवूलचा तुकडा कोरडा, भिजलेला, धूळ भरलेला आणि रंगवलेला असा चार वेळा तपासा. पावसाळा आलाच आहे, सॅम्पल गच्चीवर ठेवा.

मी आत्याकडे परत गेले आणि सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे मी बहिरी नाही, भिंत बहिरी झालीये.” मी मान हलवली. मग आम्ही खिडकी उघडून 15 मिनिटं गप्प बसून राहिलो, फोन मध्ये ठेवून. आत्याच्या घरच्या कॅलेंडरवर मे महिन्याच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी आता एक आकडा लिहिलेला आहे. त्याच वाराला, त्याच वेळी, ऑक्टोबरच्या पानावर तिने पेनाने एक चौकोन काढून ठेवलाय. तो भरायला मी जाणार आहे.